आजीचं लग्नाआधीचं नाव शोधायचं आहे, सुरुवात कुठून करू? (तिच्या खानावळीच्या वहीबद्दलही)

लालबागची_नात

नमस्कार. इथे जाणती मंडळी आहेत म्हणून विचारते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या आषाढात माझी आजी गेली. मृत्यूची नोंद करायला मी आणि चुलतभाऊ गेलो. अर्ज भरता भरता 'मृत व्यक्तीच्या आईचे नाव' असा रकाना आला. मी भावाकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "आईच्या आईला आम्ही कधी पाहिलंच नाही गं." खिडकीपलीकडचे गृहस्थ भले होते. म्हणाले, घाई नाही, घरी विचारून या. पण विचारायचं कुणाला? शेवटी तिथे आडवी रेघ मारून अर्ज दिला.

परतताना लोकलमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि पोटात खड्डा पडला. आजीच्या आईचंच काय, आजीचंसुद्धा आईबापांनी ठेवलेलं नाव आम्हाला माहीत नाही. कागदांवर आहे ते लग्नातलं, सासरचं. आजीच एकदा बोलून गेली होती, "ह्ये नाव तुमच्या आजोबाच्या आत्यानं ठिवलं." त्याआधी काय होतं ते कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. चाळीत ती सगळ्यांची मावशी, सासरी थोरली वहिनी, आम्हाला आजी. तिला नावानं हाक मारलेली मी आयुष्यात ऐकली नाही.

आता ती कोण होती ते सांगते, म्हणजे तुम्हाला काही धागा मिळेल.

तिचं माहेर जावळी तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, बामणोलीच्या पलीकडे. गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं. पाणी चढलं तेव्हा तिचं लग्न होऊन गेलेलं. माहेरची माणसं कुठे कुठे पांगली, कुणाला आताच्या रायगडात जमीन मिळाली, कुणाला सोलापूर-सांगलीकडे. त्यांचा आणि आजीचा संबंध तिथेच तुटला, असं आम्ही धरून चाललो होतो.

आजोबा लालबागला गिरणीत होते. कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी आजी मुंबईत आली. ११ डिसेंबर १९६७ च्या त्या पहाटे चाळीतल्या मांडणीवरची पातेली वाजली आणि आजी "माझी मान्सं, माझी मान्सं" करत गॅलरीत जाऊन उभी राहिली, हे आत्याला अजून आठवतं. आत्या तेव्हा पाच-सहा वर्षांची.

पुढे आजोबा क्षयानं गेले. पदरात माझे वडील, काका आणि आत्या. आजीनं आपल्या खोलीतच खानावळ घातली. दहा बाय बाराची खोली, एका अंगाला मोरी, दुसऱ्या अंगाला पंपाचे दोन स्टोव्ह. जेवायला बावीस जण. सगळे घाटावरचे, बायकामुलं गावाला ठेवून आलेले. गावकीच्या, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या, एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहायचे आणि पाळीप्रमाणे झोपायचे. सातच्या भोंग्याआधी पहिल्या पाळीचे डबे भरून तयार हवेत म्हणून आजी तीनला उठायची. रोजच्या शंभरावर भाकऱ्या. बहुतेक ज्वारीच्या, गावाकडून पीठ आलं तर नाचणीच्या. सोबत घेवड्याची आमटी किंवा सुक्या जवळ्याचं कालवण. रविवारी मटण, आणि त्यातही कुणाच्या ताटात तुकडा कमी पडला तर स्वतःच्या वाट्याचा काढून द्यायची. दारातून कुणी निघालं की तिचं एकच वाक्य, "जेवल्याबिगर जाऊ नगंस."

तिच्या हातांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड, जिच्यावर भाकरी फिरते ती, काचेसारखी तकतकीत झाली होती. तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवून फिरवून बोटांची टोकं इतकी निबर की गरम भांडं फडक्याशिवाय उतरवायची. बँकेत, रेशनवर, सगळीकडे जन्मभर अंगठा उठवत आली, आणि आधार कार्डाच्या वेळी यंत्रानं तिचे ठसे घेतलेच नाहीत. चार वेळा बोटं पुसून बघितली. रेघाच उरल्या नव्हत्या. शेवटच्या आठवड्यात मी तोच हात धरून बसायचे.

तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत आम्हाला एक वही सापडली. वाण्याकडे असते तसली लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची. अजूनही उघडली की रॉकेल आणि खोबरेल तेलाचा वास येतो. आजीला अक्षरओळख नव्हती. म्हणून एकेका माणसाला दोन-तीन पानं, आणि पानाच्या डोक्यावर त्या माणसाची खूण. छत्री. मासा. चष्मा. कोंबडा. तीन ठिपके. एकाच्या पानावर नुसता कान काढलाय. जांभळी पेन्सिल जिभेला लावून काढलेल्या खुणा आहेत त्या, कडेला ओल पसरलेली दिसते. प्रत्येक महिन्याची एक ओळ. महिन्याचं नाव तेवढं माझ्या वडिलांच्या बालबोध अक्षरात, 'एप्रील', 'आगष्ट'. पुढे रोजच्या रेघा. काही रेघा ओळीच्या वर, काही खाली. मध्येच शून्यं. महिन्याचे पैसे मिळाले की ओळीवर मोठी फुली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वहीत जानेवारीनंतर एकही फुली नाही. रेघा मात्र चालूच आहेत. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. हळूहळू पानं कमी होत जातात, माणसं गावाला जात होती. पण नऊ पानांवर दिवाळीपर्यंत रेघा आहेत आणि फुली नाही. आत्या म्हणते, आईच्या पाटल्या त्या पावसाळ्यात गेल्या. त्या कशासाठी गेल्या हे वही हातात येईपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं.

आषाढात वर्षश्राद्ध. तिच्या फोटोखाली नाव लिहायचं आहे आणि ते आईबापांनी ठेवलेलं असावं असं फार वाटतं. जन्मनोंद मिळेल का? बुडालेल्या गावाची दप्तरं कुठे असतात? ती शाळेत गेलेली नाही. "सोराज्य झालं तवा मी गुरं राखायची" एवढाच तिच्या वयाचा हिशेब. आणि वहीतल्या त्या वर-खाली रेघांचा अर्थ कुणाला लागतो का?


जुनं_दप्तर

ताई, मी महसूल खात्यात अडतीस वर्षं काढली. जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

पूर्वी गावातले जन्म-मृत्यू कोतवालाच्या बुकात लिहिले जात, गाव नमुना १४. ही बुकं आता बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. गाव पाण्याखाली गेलं म्हणून दप्तर बुडालं असं नसतं, ते आधीच हलवलेलं असतं. जावळीचं तहसील मेढ्याला. तिथे अर्ज करून नक्कल मागा. मात्र मनाची तयारी ठेवून जा. कोतवाल बुकात बापाचं नाव, जात, तारीख मिळते, पण मूल जन्मल्यावर लगेच नोंद व्हायची, बारसं नंतर. त्यामुळे बाळाच्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलेलं मी शेकडो वेळा पाहिलं आहे. त्यात तुमच्याकडे जन्मवर्षही नक्की नाही.

पुनर्वसनाच्या याद्यांत खातेदार असतात, ज्यांच्या नावावर जमीन ते, म्हणजे बहुतेक पुरुषच. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव तिथे शोधू नका. वडील वारल्यावर वारस नोंद झाली असेल तर फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) मुलींची नावं लागू शकतात, पण लग्नानंतरचीच लागलेली असण्याची शक्यता जास्त.

म्हणून कागदाआधी माणसं शोधा. विस्थापितांच्या वसाहतीला पुष्कळदा जुन्या गावाचंच नाव दिलेलं असतं. आणि माणसांनी आपला देव मागे ठेवलेला नसतो, मूर्ती उचलून नवीन जागी नेलेली असते. जिथे देव तिथे जत्रा, आणि जत्रेला पांगलेली सगळी माणसं एका जागी येतात. तुमच्या आजीच्या वयाचं कुणी हयात असेल तर तिथेच भेटेल.


जात्यापाशी

वाचून डोळे भरून आले. मी एक वेगळी वाट सुचवते. आजी काही म्हणायची का? ओवी, पाळणा, फुगडीचं गाणं, काहीही?

आपल्या आज्या चारचौघांत स्वतःबद्दल बोलत नव्हत्या, ओवीत मात्र बोलायच्या. भावाचं नाव, बापाचं नाव, माहेराची वाट, गावचा देव, सगळं त्यात येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या. त्या संग्रहाचं मला सर्वांत मोठं वाटतं ते हे, की ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही टिपून ठेवलं आहे. आता त्यातल्या पुष्कळशा पारी या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. त्यात तुमची आजी सापडेल असं म्हणत नाही. पण एखादी ऐकून आत्यांना विसरलेलं काही आठवेल. माझ्या आईचं तसंच झालं. ऐकता ऐकता तिच्या तोंडून पुढचा चरण आपोआप आला आणि मग ती बराच वेळ उठली नाही.


शाईचं_बोट

थोडं अवांतर, पण नावाचाच विषय आहे म्हणून. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून वगळावी लागली होती, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको असं सांगितलं होतं. तुमची आजी एकटी नव्हती, एवढंच.


लालबागची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. ओवीचं वाचून रात्रीच आत्याकडे गेले. आधी म्हणाली, कुठलं गाणं, तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग आठवलं. खोलीत एक लहान जातं होतं, बेसनासाठी डाळ दळायचं. त्यावर आजी दुपारी एकच ओवी घोळवायची. आत्याला ती अशी आठवते:

माहेराच्या वाटं बाई, होडीचा गं आधार
बंधवा सांगू काय, पान्यात गेलं दार

यात नाव नाही. पण मला वेगळंच खटकलं. पाणी चढायच्या आधी लग्न होऊन सासरी गेलेल्या बाईला माहेरच्या वाटेवरची होडी कुठून ठाऊक? आत्याला विचारलं तर म्हणाली, ऐकून असेल. माझं मन घेत नाही.


तिसरी_पाळी

मुली, मी आता सत्याहत्तरचा. १९६९ ते ८२ परळला एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होतो. संपानंतर गावी आलो तो कायमचा. हे नातवाकडून लिहून घेतो आहे.

तुझी आजी आमच्या मावशी नव्हत्या, आमच्या दुसऱ्या होत्या. पण वहीचा कायदा तोच दिसतो. ओळीच्या खाली रेघ म्हणजे माणूस खोलीवर येऊन पंगतीला जेवला. ओळीच्या वर रेघ म्हणजे त्याचा डबा गेला, गिरणीच्या गेटवर पोचवायचा. पाळी बदलली की रेघ वरची खाली यायची. शून्य म्हणजे खाडा, माणूस जेवायला नव्हता. खाड्याचे पैसे महिन्यातून वजा व्हायचे. एवढ्या बावीस जणांचा हिशेब अक्षर न येता ठेवायचा म्हणजे डोकं शाबूत पाहिजे. आमच्यातला एक चांगला शिकलेला बदली कामगार होता, त्याला स्वतःचे खाडे आठवायचे नाहीत, मावशींना आठवायचे.

आता माझं ऐक. ते खाडे नीट बघ. गावच्या जत्रेला माणूस घरी जाणारच, मग मालक काहीही म्हणो. ज्यांचे खाडे एकाच दिवशी पडलेत ते एकाच गावचे. छत्रीवाला आणि मासेवाला एका गावचे असतील तर तुला कळेल. शिवाय तुझ्या आजीच्या माहेरच्या गावची गावकीची खोली गिरणगावात कुठेतरी असणारच. जावळीची माणसं मुंबईत थोडीथोडकी नव्हती. त्यांच्या मंडळाकडे चौकशी कर.

संपाचं लिहिलंस म्हणून सांगतो. आम्ही अडीच लाख माणसं बाहेर होतो. पुढाऱ्यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. पहिले काही महिने आमच्या पोटात अन्न कुणाच्या जिवावर गेलं ते कुठे लिहिलेलं मी पाहिलं नाही. वाणी उधारी देईना तेव्हा या बायांनी आपलं किडूकमिडूक मोडलं. मी गावी निघालो तेव्हा माझे चार महिने बाकी होते. सांगायला गेलो तर मावशी म्हणाल्या, आधी जेव. नंतर दोन वर्षांनी पैसे घेऊन गेलो तर खोली दुसऱ्याची झाली होती. ते पैसे माझ्याकडून द्यायचे राहिलेच. तुझ्या वहीतल्या त्या नऊ जणांमध्येही कुणीतरी माझ्यासारखा असेल, त्यांना वाईट समजू नकोस.

एक विसरलो. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेतून कर्ज मिळवून दिलं, म्हणजे सावकाराकडे दागिने टाकावे लागू नयेत. आजी त्यात होत्या का, तेही आत्याला विचार.


लालबागची_नात

बाबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आजीच्या तोंडून त्या नऊ जणांबद्दल एक वाकडा शब्द कधी आला नाही. आम्हाला ते नऊ जण असल्याचंच माहीत नव्हतं.

तुम्ही सांगितलंत तसं काल रात्री बसून सगळ्या पानांवरचे खाडे एका कागदावर उतरवले. छत्री आणि मासा एका गावचे नाहीत, चष्मा आणि कोंबडा आहेत. आणि मग एक दिसलं, जे आधी दिसत असूनही कळलं नव्हतं. दरवर्षी सलग चार दिवस असे आहेत की सगळ्यांच्याच पानांवर काही नाही. रेघही नाही, शून्यही नाही. म्हणजे खानावळच बंद. आजीला ताप असताना बंद नव्हती, हे आत्या शपथेवर सांगते.

आत्याला विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, हो, उन्हाळ्यात आई आम्हाला शेजारच्या काकूंकडे ठेवून जायची. कुठे म्हणून विचारलं तर म्हणायची, "देवाला."

पण हे दिवस जुळत नाहीत. एका वर्षी मार्चच्या शेवटी आहेत, एका वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका वर्षी एप्रिलच्या अखेरीला. मग जत्रा कशी म्हणायची?


जात्यापाशी

इंग्रजी तारखेनं कशाला बघतेस? वर्षं ठाऊक असतील तर जुनं पंचांग काढ आणि तिथी लाव. मार्चअखेर ते एप्रिलअखेर म्हणजे मला तरी चैत्र पौर्णिमा दिसते.


जुनं_दप्तर

बरोबर. त्या भागातल्या कितीतरी गावांची जत्रा चैत्रातच. वसाहत कुठली ते मंडळाकडून कळलं की सरळ जाऊन या. चैत्र लांब नाही.


लालबागची_नात

दीड महिन्यानं लिहिते आहे. रागावू नका. जाऊन आल्यावर आधी आत्याशी बोलणं भाग होतं.

पंचांग लावलं. चारही दिवस दर वर्षी चैत्र पौर्णिमेला धरून. गावकीच्या मंडळाचा पत्ता परळला मिळाला. तिथल्या एका काकांनी पाच मिनिटांत सांगितलं की आमच्या गावची निम्मी घरं रायगडात आहेत, देवही तिथेच आहे आणि जत्रा यंदाही पौर्णिमेलाच. मी आणि आत्या गेलो. आत्या वाटेत तीनदा म्हणाली, कुणी ओळखलं नाही तर आपण नारळ ठेवून परत येऊ.

देऊळ साधं, सिमेंटचं. आतला पाषाण मात्र जुना, झिजलेला. तो खोऱ्यातून होडीत घालून आणला आणि पुढे बैलगाडीतून, असं तिथल्या पुजाऱ्यांनी सांगितलं. पाणी चढत असताना शेवटची खेप देवाची होती आणि ती बघायला लेकीबाळी सासरहून आल्या होत्या. ओवीतली होडी तिथली. आजी त्या दिवशी तिथे होती.

मंडपात एक म्हातारी बसली होती, पंच्याऐंशीच्या पुढची. आजीच्या सासरच्या गावाचं नाव सांगितलं, लालबाग म्हटलं, खानावळ म्हटलं. तिनं आत्याचा हात धरला, तळवा उलटा करून बघितला आणि तिला एका नावानं हाक मारली. आम्ही कधी न ऐकलेलं नाव. म्हणाली, "तिचीच का तू?" ती आजीची चुलतबहीण. आजी दर चैत्रात यायची, एसटीनं, पायात चप्पल नसायची, आणि येताना पिशवीत लालबागच्या बाजारातला मसाला असायचा. गुडघे गेले तेव्हा यायची थांबली. तिकडून कुणी मुंबईला आलं नाही, इकडून कुणी कळवलं नाही. आजी गेल्याचं तिला आमच्याकडूनच कळलं. तिनं पहिलं विचारलं ते हे, "शेवटाला काय खाल्लं हुतं तिनं?" आत्या म्हणाली, मऊ भात, दोन घास. मग दोघी रडल्या.

ते नाव मी इथे उघड लिहिणार नाही. का ते सांगते. केरू, धोंडू, दगडू ही नावं का ठेवतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यातलंच आहे ते. आजीच्या आधी तिच्या आईची तीन मुलं गेली होती, एकही वर्षाचं झालं नाही. आजी झाली तेव्हा तिला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि शेजारणीनं पसाभर नाचणी देऊन 'विकत' घेतलं, म्हणजे हे पोर या घरचं नाही असं सटवीला वाटावं. नाव कुणी मायेनं घेऊ नये असं ठेवलं. मूल जगलं. पुढे आणखी दोन भाऊ झाले, तेही जगले.

आता आत्याचं म्हणणं पडलं की ज्या नावाबद्दल आई जन्मभर बोलली नाही ते तिच्या फोटोखाली लावायचा आपल्याला काय अधिकार? लग्नात ते बदललं तेव्हा तिला बरं वाटलं असेल. हे मला नाकारता येईना. मी इतके महिने नावाच्या मागे होते, आणि तिला ते नको असेल हा विचार एकदाही मनात आला नव्हता. परत त्या आजीला फोन लावला, देवळाशेजारच्या दुकानदाराच्या मोबाइलवर. तिला हा प्रश्नच कळेना. ती म्हणाली, "अगं, तिची आई नदीच्या ह्या अंगाला उभी ऱ्हाऊन त्याच नावानं हाळी द्यायची आन् ही गुरं सोडून पळत यायची. नाव वंगाळ आसंल, पर हाळी वंगाळ न्हवती."

आत्यानं मग ते ऐकलं आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. फोटोखाली लग्नातलं नाव राहील. वर्षश्राद्धाच्या दिवशी पान वाढून झाल्यावर ती स्वतः गॅलरीत जाऊन, तिच्या आईला तिच्या आईनं मारली तशी, त्या नावानं एकदा हाक मारणार आहे. तेवढंच पुरे म्हणाली.

मृत्यूच्या नोंदीतल्या त्या आडव्या रेघेच्या जागी आता लिहायला नाव आहे, आजीच्या आईचं. दुरुस्तीचा अर्ज परवा दिला.

बाबा (तिसरी_पाळी), अन्नपूर्णामध्ये आजी होती का ते आत्याला नक्की आठवत नाही, पण "बँकेच्या बाई" यायच्या असं म्हणाली. आणि एक विनंती. चष्मा आणि कोंबडा हे दोघं तिच्या माहेरचे निघाले, मंडळातल्या काकांनी खुणा बघूनच ओळखले. दोघंही आता नाहीत. छत्रीचा पत्ता लागलेला नाही. ऊन असो, पाऊस असो, छत्री घेऊन फिरणारा, सातारा भागातला, १९७४ ते ८२ लालबागला जेवणारा, बहुतेक वेळ डब्यावर जेवणारा, कारण संपापर्यंतच्या त्याच्या रेघा जवळजवळ सगळ्या वर आहेत. तो डबा माझे वडील न्यायचे. संपाच्या त्या नऊ पानांत शेवटची रेघ त्याची आहे. कुणाच्या घरात असे आजोबा असतील तर कळवा. पैशांसाठी नाही. वर्षश्राद्धाला त्यांच्या घरचं कुणी जेवायला यावं असं आत्याला वाटतं.